संगीत महोत्सवात चित्रकार आणि फोटोग्राफर सांभाळताना : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

डिसेंबरात पुण्यातल्या कपाटांमधून शाली बाहेर निघतात त्या थंडीसाठी आणि ‘सवाई’साठी. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव, मग जानेवारीत वसंतराव देशपांड्यांच्या स्मृतीतला वसंतोत्सव, २०१० साली पुण्यातच सुरू झालेला तरुणांचा, बँडचा ‘एनएच७ वीकेंडर’, आणि यांच्या आजूबाजूला कॉलेजांचे, सोसायट्यांचे, उपनगरांतल्या मैदानांवरचे कितीतरी लहान महोत्सव. या लहान महोत्सवांमध्ये हल्ली मंचाच्या बाजूला कुणीतरी गाणं ऐकत चित्र रंगवत असतं. फोटो काढणारी चार-पाच माणसं तर असतातच. या दोन्ही मंडळींची सोय बघायला एक माणूस लागतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्यांदाच हे काम करत असतो.

मी सहा वर्षं हे काम करते आहे. उघड्या मैदानावरचा तीन दिवसांचा महोत्सव, अर्धा शास्त्रीय, अर्धा बँडचा. पहिल्या वर्षी मला एक बिल्ला आणि चार चित्रकारांच्या नावांचा कागद मिळाला, बाकी काही नाही. तेव्हा जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. तुम्हाला चित्र काढता येत नसेल किंवा कॅमेऱ्यातलं काही कळत नसेल तरी चालेल. ऐकायला आलेल्या माणसाच्या आणि मंचाच्या मध्ये कुणी येऊ द्यायचं नाही, आणि रंगवणाऱ्याला किंवा टिपणाऱ्याला कुठल्याही क्षणी एकटं पडू द्यायचं नाही. कामाचा निर्णय घेताना या दोनच गोष्टी धरून चला.

१. कार्यक्रम कसला आहे ते आधी ओळखा

शास्त्रीय मैफल आणि बँडचा कार्यक्रम यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. बँड असेल तर मंचापुढे कठड्याच्या आत फोटोग्राफरना उभं राहायला जागा असते आणि रिवाज असा की पहिली तीन गाणी तिथून फोटो काढायचे, मग बाहेर. गर्दी उभी असते, आवाज मोठा असतो, तुमच्या हालचालीचं कुणाला काही वाटत नाही.

शास्त्रीय मैफलीत लोक भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेले असतात. त्यांची नजर जमिनीपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर असते. तिथे एक माणूस उभा राहिला की मागच्या दहा जणांचा गायक गेला. फ्लॅश तर नाहीच. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात गायक एका स्वरावर थांबलेला असताना कॅमेऱ्याची ‘खट्’ मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी असंच झालं. यमनचा आलाप चालला होता आणि आमचा एक उत्साही मुलगा पहिल्या रांगेजवळ सलग फोटो काढत होता. गायिकेने गाणं थांबवलं नाही, फक्त डोळे उघडून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मिटले. तो मुलगा त्यानंतर दीड तास जागचा हलला नाही. चूक त्याची नव्हती. त्याला आधी सांगायचं काम माझं होतं.

म्हणून काम घेण्याआधी एकदा नुसते श्रोते म्हणून जा. मांडवात एका कडेला बसा आणि जुने, मुरलेले फोटोग्राफर काय करतात ते बघा. ते कधी उठतात, कुठून वाकून जातात, किती वेळ कॅमेरा डोळ्याला न लावता नुसते ऐकत बसतात. पुण्यात सतीश पाकणीकरांनी कितीतरी वर्षं गायक-वादकांची प्रकाशचित्रं टिपली आहेत, ती मिळतील तिथे पाहा. गाणाऱ्याला न छळता किती जवळ जाता येतं ते त्यांत दिसतं.

२. आयोजकांबरोबरची पहिली बैठक

ही बैठक महोत्सवाच्या निदान सहा आठवडे आधी व्हायला हवी. ‘बघू, त्या वेळी करू’ हे उत्तर घेऊन उठू नका. विचारायचं ते असं:

मंचाची दिशा कुठली? आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देतं, पण ती तुमच्या कार्यक्रमाला आहे का ते आयोजकांनाच विचारावं लागतं. त्यामुळे बरेच कार्यक्रम तीन-चार वाजता सुरू होतात, आणि पहिले दोन तास तिरपं ऊन कुणाच्या तरी डोळ्यांत जाणार असतं. ते चित्रकाराच्या डोळ्यांत जात असेल तर त्याची जागा आधीच बदला.

लाइटवाले आणि साउंडवाले कोण? त्यांचे नंबर घ्या. पुढे तीन दिवस अध्यक्षांपेक्षा यांचीच गरज जास्त पडते.

पास किती मिळणार, कुठल्या रंगाचा पास कुठपर्यंत जाऊ देतो, ग्रीन रूममध्ये कोण जाऊ शकतं? माझं मत विचाराल तर ग्रीन रूममध्ये आपल्याकडून कुणीच जाऊ नये. कलाकार तिथे गळा गरम करत असतात, चहा पीत असतात, शिष्यांशी बोलत असतात. एखाद्या कलाकाराने स्वतः बोलावलं तर एकच माणूस, दोन मिनिटं.

चित्रं आणि फोटो कुणाचे? या प्रश्नापाशी सगळे संकोचतात आणि याच्यावरूनच पुढे भांडणं होतात. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं १७ वं कलम असं सांगतं की कुणी पैसे देऊन आपल्यासाठी फोटो किंवा चित्र करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. मानधन न घेता काम केलं तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो, मग आयोजकांना पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर तो फोटो वापरायला लेखी परवानगी लागते. दोन्ही बाजूंना हे माहीत नसतं. एका पानाचा कागद करा: फोटो कुणाचा, आयोजक तो कशाकशासाठी वापरू शकतात, नाव कसं छापायचं, चित्र विकलं गेलं तर पैसे कुणाला किती. दोघांच्या सह्या घ्या. नाव छापून येण्याचा हक्क ५७ व्या कलमाने काढणाऱ्याकडे राहतोच, तरी तेही कागदावर असू द्या.

एका महोत्सवात चित्रकारांना ‘तुमचं नाव होईल’ एवढंच सांगून बोलावलं होतं आणि शेवटच्या दिवशी कॅनव्हास परस्पर पाहुण्यांना भेट दिले. माझी एक मैत्रीण त्यांत होती. तीन दिवसांचं तिचं काम तिला परत कधी दिसलंच नाही. तेव्हापासून सही झाल्याशिवाय मी कुणाला मैदानावर बोलावत नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं प्रत्येकाकडून आठवडाभर आधी गोळा करा:

– आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, पाससाठी
– मानधन असेल तर पॅन नंबर आणि रद्द केलेला चेक
– वर सांगितलेला सहीचा कागद, दोन प्रती
– कॅमेरे आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहिलेली यादी, दारावर जाताना-येताना दाखवायला
– रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर

तुमच्या स्वतःच्या पिशवीत हवं ते: तीन एक्स्टेन्शन बोर्ड, काळी कापडी चिकटपट्टी, सुतळी, कात्री, मोठे क्लिप, दोन ताडपत्र्या, चार रिकाम्या बादल्या, जुन्या चादरी, रिचार्जचे दोन दिवे, ओडोमॉस, कानात घालायचे बोळे, पेन आणि जाड मार्कर. दोऱ्या, क्लॅम्प, ताडपत्री बोहरी आळीत एका फेरीत होतात. रंग आणि कॅनव्हास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतात. मागे प्लायचे बोर्ड लावायचे असतील तर टिंबर मार्केटमधून कापूनच आणा, मैदानावर करवत चालवायला वेळ नसतो.

चित्रकार मिळवायचे असतील तर टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. पण एक अट घाला: गाणं ऐकायची आवड हवी. नुसता हात चांगला असलेला मुलगा तीन तासांनी कंटाळतो आणि मोबाइल काढतो.

४. चित्रकारांची जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथलं काही चुकलं तर त्या दिवशी दुरुस्त होत नाही.

एका चित्रकाराला आठ बाय आठ फूट जागा लागते. ईझल (कॅनव्हास उभा ठेवायची घोडी), चित्रकाराला जरा मागे सरकायला जागा, बाजूला रंगांचं टेबल, पायाशी दोन बादल्या. मंचाच्या अगदी लगत जागा मागू नका. तिथे मोठे स्पीकर असतात, आणि खालच्या पट्टीचा आवाज सुरू झाला की ईझल थरथरतो, ब्रशची रेष हलते. मंचाच्या बाजूला, स्पीकरच्या मागच्या अंगाला, गायक तिरका दिसेल अशी जागा चांगली. श्रोत्यांना मान वळवली तर चित्रकार दिसावा, सरळ बघितलं तर दिसू नये.

आता उजेडाचं. पहिल्या वर्षी मी चित्रकारांसाठी वेगळा दिवा मागितला नाही. मंचावर एवढा झगमगाट आहे, त्यात होईल, असं वाटलं. संध्याकाळी बँड सुरू झाला आणि सगळा मंच लाल झाला. एक ताई गिटारवाल्याचा पांढरा कुर्ता रंगवत होत्या. लाल उजेडात पांढरा रंग आणि फिकट लाल रंग सारखाच दिसतो, हिरवा तर काळा दिसतो. त्यांनी पॅलेटवरून पांढरा समजून उचललेला रंग सकाळी उन्हात गुलाबी निघाला, आणि मागची गडद सावली म्हणून भरलेला भाग गवतासारखा हिरवा. त्या काही बोलल्या नाहीत. कॅनव्हाससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग ओल्या फडक्याने कडा पुसायला लागल्या. रंग केव्हाच वाळलेला होता.

त्यामुळे प्रत्येक कॅनव्हासला स्वतःचा पांढरा दिवा हवाच. चार ते पाच हजार केल्विनचा, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला एलईडी घ्या, म्हणजे रंग खरे दिसतात. तो वरून, कॅनव्हासकडे झुकवून लावा आणि श्रोत्यांच्या बाजूने काळ्या पुठ्ठ्याची झडप बसवा. नंतर स्वतः प्रेक्षकांत जाऊन बसा आणि डोळ्यांत उजेड येतो का बघा. मागच्या रांगेतून, खुर्चीवरून आणि बैठकीवरून, तिन्ही ठिकाणांहून बघा. लाइटवाल्यांना आधी दाखवा. ‘दादा, हा दिवा तुमच्या कामात येतोय का?’ एवढं विचारलं की ते स्वतःच चांगली जागा सुचवतात.

रंग कुठले? उघड्यावर अ‍ॅक्रिलिक सगळ्यात सोयीचं. दुपारच्या कोरड्या हवेत ते पॅलेटवरच वाळतं, म्हणून पाण्याची फवारणीची बाटली जवळ हवी. रात्री गारठा वाढला की उलट होतं, रंग लवकर बसत नाही आणि वर दव पडतं. साडेनऊनंतर जाड थर देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. तेलरंग नकोत, कारण टर्पेंटाइनचा वास बैठकीतल्या लोकांना सहन होत नाही आणि मांडवात कापड, कनाती, वायरी असताना पेट घेणारी वस्तू आणायचीच नाही. स्प्रेचे डबेही त्याच कारणाने नकोत. कोळसा आणि पेस्टल सुंदर दिसतात, पण वाऱ्याने भुकटी उडते, मंचापासून लांब असेल तरच द्या.

वारा म्हणजे मैदानावरचा दुसरा शत्रू. तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास म्हणजे शिडाचं कापडच. ईझलच्या तिन्ही पायांना वाळूच्या पिशव्या बांधा आणि कॅनव्हास मागून सुतळीने आवळा. खाली ताडपत्री, त्यावर जुनी चादर, म्हणजे सांडलेलं पाणी शोषलं जातं आणि पाय घसरत नाही. रंगाचं पाणी मैदानाच्या गवतात ओतू नका. बादलीत साठवा, रात्री गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ पिशवीत घालून कचऱ्यात द्या. मैदान शाळेचं असतं, सोमवारी मुलं तिथे खेळणार असतात.

काय रंगवायचं हे चित्रकारावर सोडा. आयोजक कधीकधी म्हणतात, ‘प्रमुख पाहुण्यांचा चेहरा तेवढा काढा.’ हसून नाही म्हणा. मला आजवर जी चित्रं लक्षात राहिली ती चेहऱ्यांची नाहीत. एका मुलाने सूर्यास्ताच्या वेळी पूरिया धनाश्री ऐकत नुसत्या आडव्या पट्ट्या भरल्या होत्या, राखाडी, केशरी, पुन्हा राखाडी. संधिप्रकाशाचा राग आणि मागे खरंच तसंच आकाश. लोक मध्यंतरात चहाचे कप घेऊन त्याच्यासमोर गप्प उभे होते.

आणखी एक, चित्रकाराशेजारी कायम एक स्वयंसेवक हवा. लोक येऊन प्रश्न विचारतात, लहान मुलं रंगात बोट घालतात, कुणी सेल्फीसाठी कॅनव्हासला टेकतं. रंगवणाऱ्याने वळून उत्तर देत बसलं तर गाणं हातातून जातं. स्वयंसेवकाने हळू आवाजात सांगायचं, ‘मध्यंतरात बोलतील हं ते.’ शिवाय चित्रकाराला पाणी, चहा आणि स्वच्छतागृहात जाऊन यायला पाच मिनिटं मिळतात ना, हेही त्यानेच बघायचं.

५. फोटोग्राफर

चार जण असतील तर जागा वाटून द्या: एक मंचाच्या डावीकडे, एक उजवीकडे, एक लांबून मोठ्या लेन्सने, एक श्रोत्यांत आणि आवारात. एकाच गायकाचे एकाच कोनातून चारशे फोटो आणि तबलजीचा एकही नाही, असं जागा न वाटल्यामुळे होतं.

पहिलं काम घड्याळं. सगळ्यांनी आपापल्या कॅमेऱ्याने एकाच मोबाइलवरच्या, सेकंद दिसणाऱ्या घड्याळाचा फोटो काढायचा. कुणाच्या कॅमेऱ्याची वेळ पुढे-मागे असली तरी नंतर तो फरक मोजून सगळ्यांचे फोटो एका क्रमात लावता येतात. हे केलं नाही तर रात्री बाराला ‘हा फोटो दुसऱ्या रागाचा की तिसऱ्या?’ म्हणत बसावं लागतं. या कामाला दोन मिनिटं लागतात, रोज करा.

आवाज आणि पट्टे यांचा पेच तुम्हाला नक्की भेटेल, म्हणून सविस्तर सांगते. आजकालच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर असतो. मैफलीत तोच हवासा वाटतो. पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि मंचावरच्या एलईडी दिव्यांची लुकलुक आणखी वेगळ्याच वेगाची असते. डोळ्यांना ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि फोटोत गायकाच्या चेहऱ्यावरून आडवे काळे पट्टे जातात. मागच्या छोट्या पडद्यावर ते नीट दिसतही नाहीत, घरी गेल्यावर दिसतात.

यावर उपाय असा की ध्वनिचाचणीच्या वेळी, मंचाचे दिवे लागलेले असताना, प्रत्येकाने शटरच्या १/५०, १/१००, १/१२५, १/२०० सेकंद अशा वेगांवर चार-चार फोटो काढून मोठे करून बघायचे. पट्टे न येणारा वेग कागदावर लिहून कॅमेऱ्याला चिकटवायचा. आलापात, मंचाजवळ, आवाज न करणारा शटर आणि १/५० किंवा १/१००. गायक तेव्हा फार हलत नाही, चालून जातं. तबल्यावरची बोटं किंवा द्रुत (जलद लयीतली) सतार टिपायची तर १/२५० च्या पुढे जावं लागतं, तेव्हा यांत्रिक शटर वापरायचा, पण द्रुत सुरू झाल्यावरच आणि थोडं लांबून. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद मिळते त्या दोन सेकंदांत तुमची ‘खट्’ कुणालाही ऐकू येत नाही. तालाचा अंदाज नसलेल्या मुलाला ताल कळणाऱ्याच्या शेजारी बसवा. आमच्याकडे एक काका नुसते बोटांवर मात्रा मोजतात आणि समेच्या जरा आधी शेजारच्या मुलाच्या गुडघ्यावर टिचकी मारतात. त्या मुलाचे फोटो सगळ्यांत चांगले येतात.

बाकी आकडे पटकन: एफ २.८ किंवा त्याहून उघडी (जास्त उजेड घेणारी) लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ६४००, फाइल रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली). लाल किंवा निळ्या दिव्यात चेहऱ्याचा तपशील उडून जातो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) मात्र ठीक दिसतो. म्हणून त्या त्या रंगाचा, लाल किंवा निळ्याचा, आलेख वेगळा बघायचा आणि गरज असेल तर फोटो थोडा काळाच ठेवायचा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे हजार फोटोंना ३० जीबीच्या आसपास जागा. कार्ड दोन हवीत आणि बॅटऱ्या तीन.

तंबोरे जुळवताना फार सुंदर फोटो मिळतात. गायकाचा कान तारेजवळ, डोळे मिटलेले, शिष्यांचे चेहरे एकाग्र. पण ती वेळ त्यांची आहे. मंचावर चढायचं नाही, खालून, बसून, दोन-तीन फोटो, बस.

गाण्याचं चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण कलाकाराच्या परवानगीशिवाय करायचं नाही. ‘तीस सेकंदांचं तर आहे’ म्हणून फोटोग्राफर मोबाइलवर घेतात आणि टाकतात. तुमच्या माणसांना हे पहिल्याच दिवशी बजावा. ड्रोनचा हट्ट कुणीतरी धरतोच. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, ड्रोन नियम २०२१ मध्ये नकाशावरच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांत परवानगी लागते, आणि बसलेल्या गर्दीच्या डोक्यावर तो उडवण्यात धोका आहे. शिवाय त्याचा आवाज! मी सरळ नाही म्हणते.

६. प्रत्यक्ष दिवस

चारला कार्यक्रम असेल तर तुम्ही बाराला मैदानावर. साडेबारापर्यंत वायरी टाका आणि लोक चालतात तिथे चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. मंडपवाल्यांचे, साउंडवाल्यांचे आणि तुमचे बोर्ड वेगळे राहू द्या. साउंडच्या लाइनवर दिवा लावलात तर स्पीकरमधून घुरघुर ऐकू येते आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

दोनला ध्वनिचाचणी, तेव्हाच फोटोग्राफरची चाचणी. तीनला सगळ्यांना एकत्र बसवून जेवण झालं का विचारा. रिकाम्या पोटी कुणालाही कामाला लावू नका. साडेतीनला दहा मिनिटांची बैठक: आज कोण गाणार, कोण साथीला, कुठे जायचं नाही, अडचण आली तर कुणाला सांगायचं.

सहा ते सात हा तास अवघड. उजेड बदलतो, गर्दी वाढते, डास येतात, चित्रकारांना थंडी वाजायला लागते. या तासात तुम्ही चहा घेऊन एक फेरी मारा. जनरेटर बदलताना कधीकधी अर्ध्या मिनिटाचा अंधार होतो, रिचार्जचे दिवे तेव्हासाठी.

मध्यंतरात फोटोंतले दहा निवडून वृत्तपत्रांकडे आणि आयोजकांकडे पाठवायचे असतात. वृत्तपत्रांना फोटो रात्री उशिरा चालत नाही, मध्यंतरातच हवा.

७. नावं, डावीकडून

फोटोबरोबर ओळ जाते: ‘डावीकडून’ आणि मग नावं. इथे साथीदार हमखास गळतात. गायकाचं नाव सगळ्यांना माहीत, पण हार्मोनियम कुणी वाजवली, तबल्यावर कोण, तंबोऱ्यावरच्या दोन मुली कोण, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी निवेदकाकडून कागद मिळवा. त्यात तंबोऱ्यावरच्या शिष्यांची नावं बहुधा नसतात, ती गुरूंच्या मंडळींपैकी कुणाला तरी विचारून घ्या, शुद्धलेखनासकट. ‘ताई, तुमचं नाव कसं लिहिता?’ असं विचारलं की त्या मुलीच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो मी दर वर्षी बघते. तिच्या घरी तो फोटो फ्रेममध्ये लागणार असतो.

फाइलचं नाव तारीख, सत्र, कलाकार, क्रमांक या क्रमाने ठेवा. रात्री घरी जायच्या आधी सगळी कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्या डिस्क दोन वेगळ्या माणसांकडे द्या. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एकदा आमची एक डिस्क रिक्षात राहिली. दुसरी होती म्हणून दिवस वाचला.

लहान मुलांचे जवळून फोटो काढले असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. डुलकी लागलेले आजोबा, रडणारी एखादी बाई, हे फोटो कितीही चांगले आले तरी आधी त्यांना दाखवा.

८. आवरताना

शेवटच्या रात्री घाई होते. मंडपवाले कनाती सोडायला लागतात, दिवे विझतात आणि ओला कॅनव्हास अंधारात उभा असतो. चार फुटी कॅनव्हास रिक्षात बसत नाही. छोटा टेम्पो संध्याकाळीच सांगून ठेवा. दोन कॅनव्हास रंगाच्या बाजूने समोरासमोर ठेवायचे, चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचासारखे काहीतरी जाड तुकडे घालायचे म्हणजे रंग एकमेकांना लागत नाही, मग सुतळीने बांधायचे. वर प्लास्टिक गुंडाळू नका, आतला ओलावा अडकतो, जुनी चादर बरी. प्रत्येक कॅनव्हासच्या मागे मार्करने चित्रकाराचं नाव, तारीख आणि कुणाच्या मैफलीत काढलं ते लिहा.

मग यादी घेऊन बसा: दिवे, बोर्ड, बादल्या, पास परत, सामान मोजून. मैदानावर रंगाचा एखादा डाग राहिला असेल तर त्याच रात्री ओल्या फडक्याने घासा, सकाळी तो निघत नाही.

आठवड्याभरात निवडक फोटो प्रत्येक कलाकाराला पाठवा, साथीदारांनाही. मानधन बाकी असेल तर दर तीन दिवसांनी आयोजकांना फोन करा, चित्रकारांना तो करायला लावू नका. आणि पुढच्या वर्षी हे काम जो करणार असेल त्याच्यासाठी एका वहीत लिहून ठेवा: वारा कुठून येत होता, कुठला बोर्ड चालत नव्हता, मंचाच्या दिव्यांत शटरचा कुठला वेग बरोबर बसला, कुठल्या दारावरचे काका आत सोडतात. माझी वही आता तिसरी चालू आहे.